नोकरी सांभाळून संध्याकाळचे कार्यक्रम: तारीख घेण्यापासून दुसऱ्या दिवशीच्या हजेरीपर्यंत

दरवर्षी गणपतीच्या आधी नोकरी करणाऱ्या नव्या वादकांचे आणि गायकांचे फोन येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: "दादा, तारीख घेऊन बसलोय, आता ऑफिसला काय सांगू?" क्रम इथेच चुकलेला असतो. तारीख देणं हे बऱ्याच नंतरचं काम आहे. त्याआधीची कामं उरकली नसतील तर पुढे प्रत्येक कार्यक्रमात धावपळ होते आणि ऑफिस, घर व गाणं या तिन्ही ठिकाणी शब्द मोडला जातो.

मी डोंबिवलीला राहतो, नोकरी फोर्टमध्ये, आणि संध्याकाळी सुगम संगीत, अभंग, नाट्यगीतांना तबल्याची साथ करतो. त्यामुळे उदाहरणं तबल्याची आणि लोकलची आहेत. गाणाऱ्यांनी आणि इतर वादकांनी आपापल्या जागी आपलं वाद्य, आपलं गाव धरावं. सगळ्या पायऱ्यांमागे नियम एकच आहे. कार्यक्रमाचा हिशोब दुसऱ्या दिवशीच्या सकाळपासून सुरू करायचा आणि मागे मागे यायचं.

## १. आधी नोकरीचे नियम वाचा

नियुक्तिपत्र कपाटातून काढा आणि वाचा. खासगी कंपन्यांच्या पत्रांत 'लेखी परवानगीशिवाय अन्य व्यवसाय करता येणार नाही' अशा अर्थाचं कलम बरेचदा असतं. सही करताना ते कुणी वाचत नाही.

केंद्र सरकारच्या नोकरीत १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू होतात. कला, साहित्य, विज्ञान यांतलं प्रासंगिक काम त्यात पूर्वपरवानगीशिवाय करता येतं. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पुढचं कुणी वाचत नाही. सरकारी कामावर परिणाम होता कामा नये, आणि मानधन घ्यायचं असेल तर सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. म्हणजे वाजवणं वेगळं आणि वाजवून पैसे घेणं वेगळं. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत. आस्थापना शाखेत जाऊन मानधनाचा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा.

अर्ज चार ओळींचा पुरतो: 'मी कार्यालयीन वेळेबाहेर व सुट्टीच्या दिवशी संगीताच्या कार्यक्रमांत तबल्याची साथ करतो. त्यासाठी प्रसंगी मानधन मिळते. त्यामुळे कार्यालयीन कामात अडथळा येणार नाही. तरी परवानगी मिळावी.' अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि ती जपून ठेवा.

सावध: कार्यक्रमासाठी आजारपणाची रजा कधीही टाकू नका. कार्यक्रम संपायच्या आत फोटो व्हॉट्सॲपवर फिरलेले असतात. एकदा विश्वास गेला की खरोखर ताप आला तरी कुणी मानत नाही.

## २. वर्षाची वही: दोन रकाने

जाडसर वही घ्या आणि महिन्याला एक पान ठेवा. डाव्या रकान्यात ऑफिस, उजव्यात संगीत. डावा रकाना आधी भरायचा. बँक आणि हिशोब खात्यातल्या लोकांना मार्चअखेर आणि सप्टेंबरची सहामाही असते, शिक्षकांना परीक्षा आणि पेपर तपासणी, आयटीवाल्यांना रात्रीची रिलीज. हे दिवस लाल पेनाने बंद करून टाका.

मग उजवीकडे संगीताचा हंगाम लिहा: आषाढी एकादशीच्या आसपासची अभंगवाणी, गणेशोत्सव, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाट, लग्नसराईतल्या 'संगीत'च्या रात्री, पाडवा पहाट, रामनवमी. दोन्ही रकाने भरले की अडचण कागदावरच दिसते. गुढीपाडवा मार्चअखेरीला आला की बँकेतल्या माणसाने पाडवा पहाट घेऊच नये. घटस्थापनेपासूनचे दिवस सहामाहीत अडकले तर नवरात्रातल्या फक्त शनिवार-रविवारच्या तारखा घ्याव्यात.

वहीत तिसरी नोंद घरची. मुलांची परीक्षा, आईची तपासणी, नात्यातलं लग्न. ही नोंद घरच्यांसोबत बसून करा, कारण आपल्याला आठवतात त्याच्या दुप्पट तारखा त्यांना आठवतात.

शेवटी स्वतःची मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझी आठवड्याला दोन कार्यक्रमांची आहे, आणि त्यातला कामाच्या दिवशी फक्त एक. गणपतीत ती थोडी सैल होते, पण त्या दिवसांची रजा मी जूनमध्येच टाकलेली असते.

थांबून तपासा: फोन आला तेव्हा वही हाताशी नसेल तर एकच उत्तर द्यायचं: "रात्री नऊपर्यंत सांगतो." उठून लगेच हो म्हणणं ही या सगळ्यातली सर्वांत महाग चूक आहे.

## ३. फोनवर विचारायचे प्रश्न आणि उलटा हिशोब

संयोजक तारीख, ठिकाण आणि वेळ सांगतो. तेवढ्यावर हो म्हणू नका. पुढचं विचारा:

- साउंड चेक किती वाजता? रात्री साडेआठचा कार्यक्रम म्हणजे तुम्हाला सहाला पोहोचायचं असतं.
- कार्यक्रम बंदिस्त सभागृहात की मैदानात?
- गायक कोण, कोणत्या पट्टीत (म्हणजे कोणता सूर 'सा' धरून) गाणार?
- तालमी किती, कुठे, कोणत्या वारी?
- संपेल कधी, आणि परतीची सोय कोणाची?

बंदिस्त की मैदान, याला विशेष महत्त्व आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवाचे ठरावीक दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. बंदिस्त सभागृहाला ही दहाची अट नाही. म्हणून चौकातला कार्यक्रम नोकरदाराला बहुतेक वेळा सोपा जातो, सवलतीचे दिवस सोडले तर तो दहाला थांबतोच. सभागृहातला 'अजून एक, अजून एक' करत अकरा-साडेअकरापर्यंत जातो. पहाटेचे कार्यक्रम सहाला सुरू होऊन साडेआठ-नऊला संपतात, म्हणून ते तर फारच सोयीचे.

आता हिशोब मांडू. समजा, गुरुवारी रात्री ठाण्यात गडकरी रंगायतनला कार्यक्रम आहे आणि शुक्रवारी साडेनऊला फोर्टमध्ये हजेरी. त्यासाठी घर आठला सोडायचं, म्हणजे साडेसहाला उठायचं. सहा तास झोप हवी तर साडेबाराला आडवं व्हायला हवं. घरी पोहोचल्यावर हातपाय धुणं आणि दोन घास खाणं यात अर्धा तास जातो, म्हणजे दाराशी बाराला. ठाण्याहून डोंबिवलीची लोकल साधारण २५ मिनिटं, दोन्हीकडच्या रिक्षा मिळून २५, फलाटावर थांबणं १०, तबला भरणं आणि निरोप घेणं २०. एकूण ८० मिनिटं. म्हणजे शेवटचं गाणं १० वाजून ४० मिनिटांनी संपलं पाहिजे. कार्यक्रम अकराला संपणार असेल तर सहा तासांची झोप पाच तास चाळीस मिनिटांवर येते. एखाद्या वेळी चालतं. लागोपाठ दोन रात्री चालत नाही.

तोच कार्यक्रम विलेपार्ल्याला दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात असेल तर दादरला गाडी बदलावी लागते, आणि घरी पोहोचायला एक तरी वाजतोच. अशी तारीख मी फक्त सुट्टीच्या आदल्या रात्री घेतो. बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. त्यांच्यासाठी त्याआधीचे शुक्रवार सोन्याचे आहेत, ते वर्षाच्या सुरुवातीलाच वहीत गोल करून ठेवा.

सावध: रविवारी कार्यक्रम असला की मेगाब्लॉक बघा. सकाळच्या तालमीला आणि दुपारच्या साउंड चेकला उशीर होण्याचं हे नेहमीचं कारण आहे, आणि ब्लॉक आदल्या दिवशी जाहीर झालेला असतो.

बदली माणूस: हो म्हणतानाच मनात दोन नावं तयार हवीत. ऑफिसमध्ये खरोखर आग लागली तर कोण वाजवेल? संयोजकालाही ते आधीच सांगा. बदली द्यायची वेळ आलीच तर निदान आदल्या दिवशी द्या आणि गाण्यांच्या वहीचे फोटो त्या माणसाला पाठवा. मानधन त्याचं. त्यातून काही कापून घेऊ नका.

## ४. पैशाचं बोलणं

मोकळेपणाने आणि एकदाच बोला. रक्कम, प्रवासखर्च वेगळा की त्यात धरलेला, पैसे कार्यक्रमाच्या रात्री की नंतर, आणि तालमीला आलेल्या दिवसाचं काय. ठरलं की लगेच व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: 'ठरल्याप्रमाणे अमुक तारीख, अमुक रक्कम, प्रवास वेगळा.' समोरून होकार आला की तारीख पक्की.

नोकरदारांची चूक इथे वेगळी असते. पगार आहे म्हणून ते 'द्याल ते द्या' म्हणतात. त्यामुळे ज्यांचं घर फक्त वाजवण्यावर चालतं, त्यांचा भाव पडतो. हे करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. देवळात सेवा करायची असेल तर सेवा म्हणून करा, एक रुपयाही घेऊ नका. तिकीट लावलेल्या कार्यक्रमात मात्र पूर्ण मानधन घ्या.

कराचं थोडक्यात: पाकिटातून मिळालेली रोख रक्कमही उत्पन्नच आहे. कंपनी किंवा संस्थेने वर्षात ५०,००० रुपयांच्या वर मानधन दिलं तर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापला जातो. ऑफिसच्या फॉर्म १६ मध्ये तो दिसत नाही, २६एएस या आयकर खात्याच्या तक्त्यात दिसतो. व्यावसायिक उत्पन्न असेल तर नेहमीचा आयटीआर-१ हा विवरणपत्राचा फॉर्म चालत नाही. दर कार्यक्रमाची तारीख, रक्कम आणि प्रवासखर्च वहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेलात तर जुलैमध्ये सीएकडे एका बैठकीत काम होतं.

## ५. कामाच्या दिवसातला रियाज

दोन तास मिळतील तेव्हा बसू, असं म्हणणारे महिनोन्‌महिने बसत नाहीत. सकाळी ४० मिनिटं ठरवा. पहिली २० मिनिटं विलंबित लयीत साधा ठेका, मेट्रोनोम लावून. कार्यक्रमात आपली गरज बहुतेक ठेक्याचीच असते, आणि दिवसभर कीबोर्डवर बडवलेल्या बोटांचा आधी बिघडतो तोही ठेकाच. उरलेल्या वेळात येत्या कार्यक्रमातली दोनच गाणी. शेजाऱ्यांना त्रास होत असेल तर डग्ग्यावर (जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्यावर) पंचा टाकून वाजवा.

गाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की दिवसभर फोनवर मोठ्याने बोलणं किंवा वर्गात शिकवणं हाही गळ्याचा वापरच आहे. कार्यक्रमाच्या दिवशी मीटिंगमध्ये कमी बोला आणि पाण्याची बाटली टेबलावर ठेवा. घसा बसलाय म्हणून कुजबुजत बोलू नका, त्याने ताण वाढतो. गप्प बसणं चांगलं.

लोकलमधला वेळ ऐकण्यासाठी आणि गाण्यांच्या वहीसाठी ठेवा. प्रत्येक गाण्याला चार ओळी पुरतात. माझ्या वहीतली एक नोंद अशी (काळी चार म्हणजे संवादिनीच्या, अर्थात हार्मोनियमच्या, सप्तकातली चौथी काळी पट्टी, तोच गायकाचा 'सा'; सम म्हणजे तालाची पहिली मात्रा; तिहाई म्हणजे तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा):

'गाणं ३. काळी चार. भजनी ठेका, मध्य लय. सुरुवातीचा आलाप मोकळा, ओळीच्या दुसऱ्या शब्दावर सम. दुसऱ्या अंतऱ्याआधी संवादिनीची दोन आवर्तनं, मी थांबायचं. शेवटी लय उतरते, तिहाई नको.'

ही वही असली की तीन तालमींचं काम एका तालमीत होतं. नोकरदाराला तालमी कमी मिळतात, त्याची भरपाई वहीनेच होते.

थांबून तपासा: कार्यक्रमाला तीन दिवस राहिले आणि कुठल्या गाण्याची पट्टी वहीत कोरी असेल, तर गायकाला आजच फोन करा.

## ६. आदल्या रात्रीची बॅग

सकाळी बॅग भरणाऱ्याची हातोडी घरी राहते. बॅग आदल्या रात्रीच भरा.

किती दायां (जोडीतला उजव्या हाताचा, सुरात लावायचा तबला) न्यायच्या हा प्रश्न नवे लोक फार चुकवतात. एक तर एकच नेतात, नाहीतर पाच नेऊन लोकलमध्ये हाल करून घेतात. थोडा विचार केला तर तीनमध्ये भागतं: काळी एक, काळी दोन आणि पांढरी चार. काळी एकमध्ये गाणाऱ्याला काळी एकची दायां षड्जात (सा) लागतेच. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंना तीच मध्यमात (म) लागते, आणि काळी दोनची पंचमात (प). काळी पाचला काळी दोन मध्यमात आणि पांढरी चार पंचमात. म्हणजे ठरलेल्या पट्ट्या बघून बहुतेक वेळा दोनच न्याव्या लागतात.

पण मध्यमात लावायच्या आधी गाण्याची चाल बघा. भूपमध्ये मध्यम वर्ज्य आहे, यमनमध्ये तीव्र. तिथे शुद्ध मध्यमात लावलेला तबला प्रत्येक 'ना'ला (दायांच्या किनारीवरच्या बोलाला) टोचत राहतो. अशा गाण्याला पंचमाचा घ्या. मारव्यासारख्या पंचम नसलेल्या रागात पंचमाचा नको. एक दायां अर्धा-एक सूर वरखाली नेता येते. त्यापुढे ओढली की नाद जातो, आणि पुडीही (वरचं चामडं).

बॅगेत आणखी: हातोडी, पावडर, चुंबळी (तबल्याखाली ठेवायची गोल गादी), कोरडं फडकं, गाण्यांची वही, घडी करून वेगळ्या पिशवीत झब्बा, मोबाइलचा चार्जर, दोन केळी किंवा एक लाडू, कानात घालायचे इअरप्लग.

तबला ऑफिसला न्यावा लागणार असेल तर तो एसीच्या झोताखाली ठेवू नका. कोरड्या हवेत पुडी ताणते, सूर चढतो. संध्याकाळी पावसाळी मैदानात तोच सूर उतरतो, आणि स्टेजच्या गरम दिव्यांखाली पुन्हा चढतो. म्हणून ऑफिसमध्ये लावून ठेवण्यात अर्थ नाही. कार्यक्रमाच्या जागी पोहोचल्यावर अर्धा तास तबला तिथल्या हवेत राहू द्या आणि मग हातोडी उचला.

संध्याकाळी सहाच्या गर्दीत डग्गा घेऊन चढणं धोक्याचं आहे. लगेज डबा गाठा. त्याहून बरं म्हणजे सकाळी गर्दीआधीची गाडी पकडणं, किंवा साउंडवाल्यांच्या टेम्पोत डग्गा आदल्या दिवशी देणं.

## ७. कार्यक्रमाचा दिवस

सकाळी: साहेबांना आणि शेजारच्या सहकाऱ्याला सांगा की आज साडेचारला निघणार. लवकर यायची सोय असेल तर तासभर आधी या. अर्धवट राहणाऱ्या कामाची तीन ओळींची नोंद करून तीनच्या आत सहकाऱ्याला द्या.

साडेचारला: निघा. पाच मिनिटांचं काम म्हणून बसलात की साडेपाच होतात.

पाचच्या सुमारास: खाऊन घ्या. पोळी-भाजी, दहीभात असं काही. वडापाव खाऊन गायला बसू नका. उपाशी तर अजिबात नको, कारण पुढचं जेवण बारा वाजता आहे.

पोहोचल्यावर: फोन सायलेंट. साउंड चेकमध्ये मॉनिटरमध्ये (स्टेजवरच्या आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) आपल्याला काय हवं ते स्पष्ट सांगा. मी फक्त गायकाचा आवाज आणि संवादिनी मागतो. नंतर गाण्यांचा क्रम गायकाच्या तोंडून पुन्हा ऐका.

ही शेवटची गोष्ट मी एकदा सोडली, त्याची किंमत अजून लक्षात आहे. पडदा उघडायला दहा मिनिटं होती आणि ऑफिसचा फोन आला. मी विंगेतून बाहेर जाऊन बोललो. तेवढ्यात गायिकेने पहिलं गाणं बदललं आणि सगळ्यांना सांगितलं. मी धावत येऊन बसलो. समोर पांढरी चारची दायां होती, संवादिनीने काळी चारचे सूर धरले. पहिल्या 'ना'ला अंगावर काटा आला. पूर्ण मुखडा मी नुसत्या डग्ग्यावर काढला, किनारीला बोट लागू न देता. संवादिनीचा तुकडा सुरू झाल्यावर मांडीजवळची काळी एक उचलून चुंबळीवर ठेवली. प्रेक्षकांना कदाचित कळलं नसेल. गायिकेला कळलं, तिने मान वळवून एकदा पाहिलं. त्या दिवसापासून सभागृहात शिरल्यावर मी ऑफिसचा फोन घेत नाही. तातडीचं काही असेल तर सहकाऱ्याने घरी फोन करायचा, घरचे संयोजकाला कळवतात.

## ८. शेवटच्या गाण्यानंतर

आधी वाद्यं, मग माणसं. फुलं आणि फोटो चालू असतानाच हातोड्या, चुंबळी, दायां मोजून बॅगेत घाला. पुडीवरचा घाम कोरड्या फडक्याने पुसा, ओल्याने नाही. मानधन ठरल्याप्रमाणे घ्या आणि ठरलेल्या वेळी निघा. "जेवूनच जा" हा आग्रह प्रेमाचा असतो, पण त्यात शेवटची गाडी जाते. डबा बांधून मागा, कुणालाही वाईट वाटत नाही.

कानांची काळजी इथे सांगतो, कारण त्रास इथेच कळतो. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त झाला. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागी धरलेली मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. ऑक्टोपॅडच्या (इलेक्ट्रॉनिक तालवाद्याच्या) मॉनिटरशेजारी अडीच तास बसणाऱ्याला इअरप्लग लागतातच.

घरी थोडंच खा आणि खाल्ल्याबरोबर आडवे होऊ नका. छातीतली जळजळ गाणाऱ्याच्या गळ्यापर्यंत येते. व्हिडिओ आणि अभिनंदनाचे मेसेज दुसऱ्या दिवशी दुपारी बघा.

झोपण्यापूर्वी वहीत दोनच आकडे लिहा: घरी पोहोचायची ठरवलेली वेळ आणि खरी वेळ. चार-पाच कार्यक्रमांनंतर पान उलगडून बघा. माझ्या पहिल्या वर्षी प्रत्येक ओळीत फरक ३५ ते ४० मिनिटांचा होता. आता उलट्या हिशोबात मी ती ४० मिनिटं सुरुवातीलाच धरतो आणि मगच संयोजकाला फोन करतो.